चालते काम हलवताना

मी आज जो काही आहे तो सुमन जाधव यांच्यामुळे. हे वाक्य मी आजवर अनेकदा बोललो, लिहिले मात्र कधी नव्हते. त्यांना सगळे जाधवबाई म्हणत. मी नुसते बाई म्हणत असे, आणि इथेही तसेच म्हणतो.

बाई सातारच्या. वडील फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. गणितात एम.एस्सी. करून बाईंनी पाचगणीच्या एका शाळेत काही वर्षे शिकवले, मग मुंबईला जाऊन कॉम्प्युटरचे शिक्षण घेतले. सांगलीच्या एका शिक्षणसंस्थेने दुसऱ्याने वापरून काढलेले एक यंत्र विकत घेतले, तेव्हा त्या यंत्राच्या प्रमुख म्हणून त्या आल्या. सत्तरच्या दशकाचा तो उत्तरार्ध. यंत्राने एक अख्खा हॉल व्यापला होता. आसपासच्या खेड्यांतून लोक ते बघायला येत आणि दारातूनच हात जोडत. बाई म्हणत, "नमस्कार कशाला करता? ते काय करतं ते विचारा." आणि कुणी विचारलेच, तर हातातले काम सोडून सांगत बसत.

उंच, सडसडीत बांधा, इरकली साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, हातात वाळ्याचा पंखा. हॉलमध्ये गारवा राखणारी मशीन दर दोन दिवसांनी रुसत असे, म्हणून तो पंखा. त्याने स्वतः वारा घेताना मात्र मी त्यांना कधी पाहिले नाही. त्या यंत्राच्या कपाटांपुढे तो धरून उभ्या राहत. एवढ्या मोठ्या लोखंडाला त्या पंख्याने काय होणार, असे आम्हाला वाटे. पण विचारायची छाती नव्हती. भडंग त्यांना फार आवडे, आणि ते व्हरांड्यातच खायचे असा नियम होता. चपला बाहेर, भडंग बाहेर आणि भांडणेही बाहेर.

त्यांची आणखी एक खूण आम्ही सगळे ओळखून होतो. एरवी त्या पुस्तकी, स्वच्छ मराठी बोलत. मनावर ताण आला की त्यांचा आवाज खाली जाई आणि बोली सातारची होई. "हे बरोबर नाही" असे त्या म्हणाल्या, तर आम्ही निर्धास्त असू. "हे बरं न्हाई" हे शब्द ऐकले की टेप लावणारा माणूससुद्धा जागच्या जागी थांबे.

माझी निवड त्यांनी केली ती कशी, हे सांगितले पाहिजे. मी कुंडलचा. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला पहिला, आणि बी.एस्सी.चा वर्गही साधाच. मुलाखतीला समोर तीन जण होते. त्यातले दोघे इंग्रजीत विचारत होते आणि मी घाम पुसत होतो. तिसऱ्या बाई होत्या, माझा अर्ज वाचत बसलेल्या. शेवटी म्हणाल्या, "पवार, घरी विहीर आहे?"

"आहे. चुलत्यांत मिळून."

"मग पाण्याची पाळी असेल. समजा, तुमच्या वडिलांची पाळी चालू आहे आणि मध्येच चुलत्याचं रोप करपायला लागलं. काय कराल? मोटार बंद?"

मला एकदम घरात आल्यासारखे वाटले. "बंद कशाला? मोटार चालूच ठेवायची. दारं मोडायचं, पाणी त्यांच्या सरीत वळवायचं. पण आमच्या वाफ्यात जे पाणी आधीच गेलं, ते काय माघारी येत न्हाई. ते हाय तिथंच मुरतं." बोलता बोलता भाषा घसरली हे मला उशिरा कळले.

इंग्रजीवाल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले. बाईंनी पंखा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मला एवढंच विचारायचं होतं." महिन्याच्या आत नेमणुकीचे पत्र आले. त्या प्रश्नाचा यंत्राशी काय संबंध, ते मला रुजू झाल्यावर समजले.

त्या यंत्रात एकाच वेळी अनेक कामे चालत. सगळ्यांनी एकदम धाव घेतली तर एखादे दांडगे काम सगळा वेळ आणि सगळी मेमरी खाऊन टाकी. म्हणून प्रत्येक चालू काम कुठल्या ना कुठल्या गटात बसवलेले असे, आणि यंत्राचा किती वाटा घ्यायचा हे गटाला ठरवून दिलेले असे. बनवणाऱ्या कंपनीने गटांना नुसती अक्षरे दिली होती. बाईंनी त्यांना घराच्या भागांची नावे ठेवली. सर्वांत मोठा वाटा माजघराचा, मधला सोप्याचा आणि उरलेसुरले परड्याचे. बाहेरच्या कचेऱ्यांचे काम आले की ते आपोआप परड्यात जाई. मोठे काम स्वतःच्या मदतीला लहान लहान कामे सुरू करी. त्यांना आम्ही पोटकामे म्हणत असू. ती जन्मतः मूळ कामाच्याच गटात असत.

काही बिनसले की बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला: "कुणाच्या गटात आहे?" दिवा गेला, चहा उशिरा आला, शिपाई रजेवर गेला, तरी हाच प्रश्न. आणि त्यांचा एक कायदा होता. चालते काम मारायचे नाही, हलवायचे. "कुणीतरी त्याच्यापाशी जीव लावून बसलेलं असतं," असे म्हणत.

एकदा कॉलेजच्या एका प्राध्यापकांचे काम इतके फुगले की बाकी सगळी खोळंबली. आम्ही म्हणालो, बंद करू. बाईंनी ऐकले नाही. यंत्राला हुकूम द्यायची जागा म्हणजे कन्सोल; त्याच्या टाइपरायटरवर त्या कामाचा क्रमांक आणि परड्याचे अक्षर टाइप केले. चालू काम चालता चालता उठून परड्यात जाऊन बसले. थोड्या वेळाने प्राध्यापक तावातावाने आले.

"जाधवबाई, माझं संशोधन तुम्ही परड्यात टाकलंत?"

"सर, भाजी परड्यातच येते," बाई म्हणाल्या. "सावकाश येते, पण येते."

ते हसावे की रागवावे हे न ठरवताच चपला घालून गेले. त्यांचे उत्तर दुसऱ्या दिवशी निघाले. बाईंनी ते स्वतः त्यांच्या घरी पोचते केले.

आता त्या पावसाळ्याबद्दल. नदी आठवडाभर चढत होती. झेंडावंदन जवळ आले होते, आणि त्या दिवशी मंत्र्यांच्या हस्ते शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल जाहीर करायचा, असा शब्द संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब यांनी दिला होता. निकालाचे काम माजघरात चालू होते. माजघराचा वाटा आपल्या सहीशिवाय बदलायचा नाही, असा त्यांचा हुकूम भिंतीवर लावलेला होता. काम मध्येच मेले तर माहितीचे भोके पाडलेले पत्ते यंत्राला पहिल्यापासून वाचावे लागणार होते, म्हणून आम्हीही जपत होतो.

त्याच दिवशी सकाळी पाटबंधारे खात्याचे इंजिनिअर साळुंखे पुराच्या हिशोबाचे पत्ते देऊन गेले. वरच्या धरणातून इतके पाणी सुटले तर खाली कुठे किती चढेल, असा तो हिशोब. बाहेरच्या कचेरीचे काम, म्हणून ते परड्यात गेले. दुपारी साळुंखे परत आले तेव्हा त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते. चपला त्यांनी काढल्या, पण पाय पुसायचे राहिले. बाई त्यावर काही बोलल्या नाहीत. प्रसंग बाका आहे, हे तेव्हाच मी समजलो.

"बाई, आवं, माझा हिशोब झाला का?"

"अर्धा झालाय. काय झालं?"

साळुंख्यांनी उभ्यानेच सांगितले. नदीकाठची वस्ती त्यांनी आदल्या दिवशी टेकावरच्या शाळेत हलवली होती. उंच जागा म्हणून त्यांनीच ती निवडली होती. आता धरणाचे दरवाजे आणखी उघडले होते. शाळेकडून मिरजेला जाणारा रस्ता अजून मोकळा होता, संध्याकाळी तो बुडणार. "पाणी शाळंत येणार असंल तर लोकं आत्ताच काढली पायजेत. रस्ता बुडाल्यावर मग काय करू मी? म्हातारी माणसं हायेत, पोरं हायेत. माझ्या शब्दावर तिथं गेल्यात ती. आणि येणार नसंल तर उगं या पावसात त्यांना कशाला फिरवू?"

बाई कन्सोलपाशी गेल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरू केले असते तर सकाळचे सगळे वाया गेले असते. त्यांनी निकालाचे काम माजघरातून सोप्यात नेले आणि पुराचे काम परड्यातून माजघरात आणले. भिंतीवरच्या हुकुमाकडे त्यांनी पाहिलेही नाही. आबासाहेबांना कळवा, असे मात्र मला सांगितले. मी फोन लावला. आबासाहेब म्हणाले, "हात लावू नका म्हणावं. मी येतो."

आम्ही वाट पाहत बसलो. नदीच्या एकेका टप्प्याचे उत्तर आले की टाइपरायटर एक ओळ छापी. कराडच्या खालचा टप्पा छापून झाला होता. पुढची ओळ येईना. माजघर मिळूनही काम परड्यातल्यासारखेच रांगत होते. साळुंखे खिडकीपाशी जात, परत येत, पुन्हा जात. बाहेर पाऊस थांबला होता आणि त्याचेच जास्त भय वाटत होते. पावसाच्या आवाजाआड लपलेला नदीचा आवाज आता हॉलमध्ये ऐकू येत होता.

"यंत्र बिघडलंय का वो?" साळुंख्यांनी विचारले.

"न्हाई," बाई म्हणाल्या. आवाज इतका खाली होता की मला ओठांवरून कळले. "यंत्र न्हाई बिघडलं."

एवढ्यात जीपचा आवाज आला. आबासाहेब आत आले, मागे दोन माणसे. बाई न वळता म्हणाल्या, "आबासाहेब, पायताण बाहेर."

ते थबकले. उंबऱ्याबाहेर गेले, चपला काढून परत आले. संस्था त्यांची होती, पण हॉल बाईंचा होता.

"जाधवबाई, मंत्र्यांना मी शब्द दिलाय."

"निकाल मारला न्हाई. चालू हाय. पण उशीर हुईल."

"किती?"

"झेंडावंदनाला न्हाई मिळायचा."

"मग माझी सही न घेता तुमी हात कसा लावला?"

"सही घ्यायला माणूस पाठवला असता, तर तवर रस्ता बुडला असता."

"तो रस्ता काय तुमच्या खात्यात येतो?"

बाई टाइपरायटरवर वाकल्या. त्यांनी यंत्राला सगळ्या चालू कामांची गटवार यादी मागितली. टाइपरायटर खडखडत सुटला. बाई छापल्या जाणाऱ्या ओळींवर बोट ठेवून खाली येत होत्या. परड्याच्या ओळींवर बोट थांबले. त्या क्षणी त्यांचा चेहरा कसा झाला, ते मला अजून दिसते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले.

"तुझ्या वाफ्यातलं पाणी, रं."

मला कळले. मूळ काम माजघरात आले होते. पण नदीच्या एकेका टप्प्याचा हिशोब करणारी पोटकामे त्याने सकाळीच, परड्यात असताना सुरू केली होती. मूळ काम हलवले म्हणून आधी जन्मलेली पोटकामे हलत नाहीत. हलवल्यानंतर जी सुरू होतील तीच बरोबर जातात. माजघरात बसून मूळ काम नुसते वाट पाहत होते, आणि राबणारी सगळी परड्यात उपाशी होती. हेच बाई आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवीत.

त्या उठून उभ्या राहिल्या. "साळुंखे, चूक माझी हाय. मूळ काम हलवलं, पोटकामं तिथंच ऱ्हायली. तुमचा एवढा वेळ माझ्यापायी गेला." मग आबासाहेबांकडे वळल्या. "तुमी ऐकलंत ते बरं झालं. पुढं कुणी इचारलं तर हेच सांगा."

आबासाहेबांच्या मागच्या माणसांपैकी एक जण हलकेच हसला. बाई पुन्हा बसल्या. मी यादीतले क्रमांक वाचत गेलो, त्या एकेक पोटकाम उचलून माजघरात आणत गेल्या. एक चुकीचा आकडा आणि दुसऱ्याच कुणाचे काम हलले असते. म्हणून प्रत्येक क्रमांक त्या माझ्यामागून मोठ्याने म्हणत आणि मी "व्हय" म्हटल्यावरच कळ दाबत. शेवटचे पोटकाम हलले, आणि थोड्याच वेळात टाइपरायटरने ओळ छापली. मग दुसरी. मग ओळींमागून ओळी.

शाळेच्या टप्प्याची ओळ आली तेव्हा साळुंखे वाकून वाचत होते. अंधार पडायच्या सुमाराला पाणी वर्गांच्या फरशीवर येणार, असे उत्तर होते. त्यांनी कागद फाडून घेतला आणि तसेच अनवाणी धावत सुटले. चपला तिथेच राहिल्या. हंगाम नसल्याने उसाचे ट्रक रिकामे उभे होते. ते घेऊन त्यांनी रस्ता बुडायच्या आत सगळी वस्ती मिरजेच्या एका धर्मशाळेत पोचवली.

आणि पाणी शाळेच्या शेवटच्या पायरीवर येऊन थांबले.

वर्ग कोरडे राहिले. दोन दिवसांनी पूर ओसरला. झेंडावंदनाला मंत्री आले, भाषण झाले, निकालाचे पाकीट नव्हते. गावात जो तो बाईंबद्दल बोलू लागला. बाई घाबरट आहेत, बाईंना स्वतःचेच यंत्र कळत नाही. ज्या चुकीची कबुली त्यांनी स्वतः दिली होती तीच आता तिखटमीठ लावून परत येत होती. साळुंखे बाईंची बाजू घ्यायला गेले, तर लोक त्यांनाच हसले.

वस्तीतली आक्काताई नावाची एक म्हातारी तर भांडायलाच यंत्राच्या हॉलवर आली. चपला बाहेर काढायला सांगावे लागले नाही, पायात नव्हत्याच.

"कोन ती बाई? तिनं आमास्नी मिरजंला हाकललं. पानी पायरीवर थांबलं. ट्रकात माझी दोन करडं गारठून मेली. शाळंत ऱ्हायली असती तर जगली असती."

बाईंनी तिला आत नेले, यंत्रासमोर खुर्चीवर बसवले आणि स्वतः उभ्या राहिल्या. "मावशी, करडं गेली ती माझ्यामुळंच. पाणी येईल असं आमचं गणित म्हणालं. आलं न्हाई, ते लय बरं झालं. पण पुढच्या वेळी गणित तेच म्हणालं, तर मी पुन्हा जा म्हणूनच सांगीन."

"पानी परत न्हाई आलं तरी?"

"तरी."

आक्काताईने यंत्राकडे पाहिले, बाईंकडे पाहिले. "लय हट्टी हाईस," म्हणाली. मग व्हरांड्यात बसून दोघींनी भडंग खाल्ले.

संस्थेच्या बैठकीला बाईंना बोलावले होते. मी बाहेर होतो, पण दार उघडे होते. कुणीतरी म्हणाले की एवढे सगळे करून मिळवले काय. बाई शांतपणे म्हणाल्या, "पाणी आत आलं असतं तर तुम्ही मला हार घातला असता. मी केलं ते तेच असतं." भाषा स्वच्छ, पुस्तकी होती. त्यावरून मी ओळखले की त्यांचा निर्णय झाला आहे. कन्सोलचा ताबा काढून घेऊन त्यांना नुसते शिकवायचे काम द्यायचे ठरले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला.

सांगलीच्या एस.टी. स्टँडवर मी पोचवायला गेलो. त्यांना न्यायला वडील आले होते. ताठ पाठीचे, मिशा पांढऱ्याशुभ्र. मला बाजूला घेऊन त्यांनी विचारले, "तू तिथं होतास न्हवं? पोरगी चुकली का?"

"चुकल्या," मी म्हणालो. "पण त्यांनीच शोधलं, आणि सगळ्यांपुढं लगेच सांगितलं."

"मग ठीक हाय," सुभेदार म्हणाले आणि ट्रंक उचलायला वळले.

सातारा गाडीत गर्दी होती. कंडक्टर ट्रंक टपावर टाका म्हणत होता, बाई टाकू देत नव्हत्या. आत पुस्तके होती. शेवटी ट्रंक आत आली, कंडक्टर कुरकुरत पुढे गेला. बाई खिडकीशी बसल्या. समोरच्या बाकावर कुणाचे तरी तान्हे मूल उकाड्याने रडत होते. गाडी हलली तेव्हा बाई हात लांब करून त्या मुलावर वाळ्याचा पंखा हलवत होत्या. माझ्याकडे पाहायचे त्यांच्या लक्षात राहिले नाही.

त्यानंतर मी त्यांना भेटलो नाही. साताऱ्यात त्या मुलींच्या शाळेत गणित शिकवतात, एवढे कळत असे. त्यानंतर दोन पावसाळे गेले. तिसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी मी त्यांना हे पत्र पाठवले.

"आदरणीय बाई, सा. न. वि. वि.

यंदा नदी पुन्हा आली, हे आपण ऐकले असेलच. हिशोबाचे काम नवीन इंजिनिअर घेऊन आले, तेव्हा माजघरात परीक्षेचेच काम चालू होते. मी आबासाहेबांना फोन केला. ते सही द्यायला स्वतः आले. चपला बाहेर काढूनच आत आले. मी मूळ काम हलवले आणि लगेच सगळी पोटकामेही. प्रत्येक क्रमांक मोठ्याने म्हटला. 'व्हय' म्हणायला माझ्या जागी नवीन मुलगा होता.

तरीही आम्हाला उशीर झाला. कागद हातात आला तोवर मिरजेचा रस्ता पाण्याखाली गेला होता. लोक पहिल्यासारखेच शाळेत गेले असतील, असे समजून आम्ही सगळे सुन्न बसलो होतो.

बाई, लोक शाळेत नव्हते. पाणी वस्तीतल्या मारुतीच्या पाराला लागताच आक्काताईने वस्ती उठवली होती. शाळा उंच आहे, मागच्या खेपेला पाणी आत आले नव्हते, असे पुष्कळ जण म्हणाले. ती म्हणाली, 'ती बाई हितं असती तर जा म्हनली असती. चला.' सगळे चालत मिरजेला गेले. या वेळी तिने करडे कमरेला बांधून नेली.

काल मी शाळा पाहून आलो. वर्गांत गाळ आहे, बाके उलटी पडली आहेत. भिंतीवर पाण्याची रेघ खिडकीच्या वर आहे. आत कोणी नव्हते.

आपला विद्यार्थी,
पवार"